टुकार सिनेमाची तब्येतीत चिरफाड

वाईट सिनेमांवरचे विनोदी पॉडकास्ट हा गप्पांचा प्रकार अमेरिकेत २००७ नंतर रुजला आणि आता तिथल्या पॉडकास्टच्या दुनियेत जुनाजाणता झाला आहे. त्याची रीत सोपी असते. दोघे-तिघे किंवा चौघे मित्र एखादा फसलेला, आपटलेला चित्रपट आधी पाहून घेतात. मग माइकसमोर बसून त्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगू लागतात आणि दर दोन वाक्यांनी थांबून तिच्यातल्या विसंगतींवर तुटून पडतात. एक भाग तास-दीड तास चालतो. चित्रपट ऐकणाऱ्याला दिसत नाही. पुष्कळदा त्याने तो पाहिलेला नसतो आणि पाहण्याचा विचारही नसतो. तरीही ‘द फ्लॉप हाऊस’, ‘हाऊ डिड धिस गेट मेड?’ आणि ‘वी हेट मूव्हीज’ या कार्यक्रमांना वर्षानुवर्षे टिकून राहिलेले श्रोते आहेत, आणि यांतला सरस कोण यावर वाद घालणे हा त्या श्रोत्यांचा आवडता उद्योग आहे. वरवर पाहता हे वाद कोण जास्त हसवतो याचे असतात. खोलात गेले की मात्र दुसऱ्याच्या फसलेल्या कामाला हसावे कसे, या मुद्द्यावर ते येऊन ठेपतात.

टुकार चित्रपटांची मजा लुटण्याची हौस पॉडकास्टपेक्षा बरीच जुनी. हॅरी आणि मायकल मेडवेड या भावांनी १९८० मध्ये ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ हे पुस्तक काढले. त्यात वाचकांच्या कौलाने एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला आजवरच्या सर्वांत वाईट चित्रपटाचा मान मिळाला. या चित्रपटातले नामांकित नट बेला लुगोसी १९५६ मध्येच वारले होते आणि हाताशी त्यांची चित्रित केलेली थोडीच दृश्ये होती. उरलेल्या दृश्यांत वुड यांनी आपल्या बायकोच्या हाडवैद्याला उभे केले. तो लुगोसींसारखा जराही दिसत नव्हता, म्हणून त्याने चित्रपटभर झग्याआड तोंड लपवले आहे. असे जुगाड पाहून येणारे हसू नुसते कुत्सित राहत नाही, त्यात थोडे कौतुकही मिसळते. वुड स्वतः १९७८ मध्ये वारले होते, त्यामुळे हे कौतुक त्यांच्या कानावर कधी आले नाही. मेडवेड यांच्या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, वर्षातल्या वाईट चित्रपटांना द्यायचे ‘गोल्डन रास्पबेरी’ पुरस्कार सुरू झाले. त्यांचा गाजावाजा दरवर्षी होतो, पण त्यांत बहुधा प्रसिद्ध नावांना चिमटे काढण्यापलीकडे फारसे काही नसते.

आजच्या पॉडकास्टांचा खरा पूर्वज म्हणजे ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम. जोएल हॉजसन यांनी तो मिनियापोलिसच्या केटीएमए या स्थानिक वाहिनीवर २४ नोव्हेंबर १९८८ रोजी सुरू केला. एक माणूस अंतराळयानात अडकला आहे, त्याला जबरदस्तीने भिकार चित्रपट दाखवले जातात आणि सोबतीला त्याने बनवलेले यंत्रमानव आहेत, अशी त्याची बैठक. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या आणि दोन यंत्रमानवांच्या सावल्या खुर्चीत बसलेल्या दिसत आणि चालू चित्रपटावर त्यांची शेरेबाजी चाले. ती उत्स्फूर्त वाटली तरी पुढे लेखकांची फौज चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून एकेक शेरा आधी लिहून काढत असे. १९९३ मध्ये या कार्यक्रमाने ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ हा १९६६ चा विसरलेला चित्रपट उकरून काढला. टेक्सासमधल्या एल पासोच्या हॅरोल्ड वॉरन या खतविक्रेत्याने तो बनवला होता. त्याचा कॅमेरा चावीवर चालणारा होता आणि एका चावीत ३२ सेकंदांपेक्षा लांब दृश्य घेता येत नव्हते. त्यात आवाज मुद्रित होत नसल्याने सगळे संवाद नंतर मोजक्या लोकांनी मिळून भरले. या एका भागामुळे ‘मॅनोस’ अमर झाला.

अशा कार्यक्रमाची एक अडचण होती. सबंध चित्रपट दाखवायचा म्हणजे त्याचे हक्क घ्यायला हवेत, आणि ते मुदतीचे असल्याने नंतर कित्येक भाग डीव्हीडीवर काढताना पंचाईत झाली. या कार्यक्रमातले मायकल जे. नेल्सन यांनी २००६ मध्ये ‘रिफट्रॅक्स’ काढून त्यावर तोड शोधली; केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट हे जुने सहकारीही त्यात सामील झाले. त्यांनी फक्त शेरेबाजीची ध्वनिफीत विकायला सुरुवात केली. चित्रपट गिऱ्हाइकाने स्वतः मिळवायचा आणि दोन्ही एकाच वेळी चालू करायचे. त्यामुळे हक्क विकत न घेता हॉलिवूडच्या बड्या चित्रपटांवरही हात साफ करता येऊ लागला. पॉडकास्टने पुढची पायरी गाठली आणि चित्रपट सोबत चालवण्याची गरजच काढून टाकली. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली होती. दोन माइक, एक संगणक आणि बोलके मित्र एवढ्या भांडवलावर कार्यक्रम उभा राहू लागला.

‘द फ्लॉप हाऊस’ न्यूयॉर्कमध्ये २००७ साली असाच उभा राहिला. डॅन मॅकॉय आणि स्टुअर्ट वेलिंग्टन हे त्याचे मूळचे शिलेदार, एलियट केलन नंतर आले आणि तिथेच रमले. मॅकॉय आणि केलन दोघेही ‘द डेली शो’ या राजकीय उपहासाच्या कार्यक्रमाचे लेखक होते. केलन पुढे त्याचे मुख्य लेखक झाले आणि २०१७ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर’ नेटफ्लिक्सवर पुन्हा सुरू झाले तेव्हा तिथेही मुख्य लेखक म्हणून गेले. म्हणजे पूर्वजाच्या घराची किल्ली वारसाच्या हाती आली. कार्यक्रमासाठी समीक्षकांनी झोडपलेला किंवा तिकीटबारीवर झोपलेला चित्रपट निवडायचा हा त्यांचा नियम. गोष्ट सांगण्याचे काम बहुधा केलन करतात आणि वाटेत इतके फाटे फुटतात की चित्रपटातली पहिली वीस मिनिटे उरकायला पाऊण तास लागावा. शेवटी निकाल द्यायचा असतो आणि त्याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत: वाईट असूनही मजेचा, वाईट आणि नुसताच वाईट, किंवा थोडाबहुत आवडलेला.

हे तीन निकाल दिसतात साधे, पण कार्यक्रमाचे इमान त्यांच्यात आहे. दीड तास टिंगल करून झाल्यावर एखादा सादरकर्ता कबूल करतो की आपल्याला हा सिनेमा आवडला. बाकीचे दोघे त्याला धारेवर धरतात आणि तो आपली बाजू लढवतो. ‘फ्लॉप हाऊस’चे चाहते याच जागेकडे बोट दाखवतात. त्यांच्या मते हे तिघे चित्रपट खरोखर पाहतात, जुने चित्रपट त्यांना ठाऊक आहेत आणि एखादा प्रसंग का फसला हे ते नेमके सांगू शकतात. दुसऱ्या बाजूची तक्रारही तितकीच ठाम असते. श्रोत्यांची पत्रे वाचण्याआधी केलन ऐन वेळी रचलेली लांबलचक गाणी म्हणतात, मॅकॉय वैतागतात आणि तो वैतागही विनोदाचा भाग होतो. काहींना हा सगळ्या कार्यक्रमाचा कळस वाटतो, तर काही जण तेवढा तुकडा पुढे ढकलतात. नव्या माणसाला दहा वर्षांपूर्वीच्या भागातले विनोद कळत नाहीत, हाही आक्षेप असतो. तो खोटा नाही. मुरलेल्या टोळक्यात नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसावेच लागते.

‘हाऊ डिड धिस गेट मेड?’ डिसेंबर २०१० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये, इअरवुल्फ या नव्या पॉडकास्ट संस्थेतर्फे सुरू झाला. पॉल शीअर, त्यांच्या पत्नी जून डायान राफाएल आणि जेसन मॅन्झुकस हे तिघेही मुळात नट. शीअर आणि मॅन्झुकस ‘द लीग’ या मालिकेत एकत्र होते, राफाएल ‘ग्रेस अँड फ्रँकी’मुळे घराघरांत पोचल्या. नावातच कार्यक्रमाचा प्रश्न आहे: हे बनलेच कसे? पटकथा वाचून कोणी पैसे दिले, नटांनी होकार कसा भरला, संकलनाच्या टेबलावरही कोणाच्या लक्षात कसे आले नाही? स्वतः त्या धंद्यात असल्याने त्यांच्या उत्तरांना वजन येते. ‘द रूम’ या चित्रपटावरच्या भागात तर त्यातले नट ग्रेग सेस्टेरो पाहुणे होते. तिघांचे स्वभावही वाटून घेतल्यासारखे आहेत. शीअर माहिती जमवून आणतात, मॅन्झुकस आवाज चढवतात आणि राफाएल कथेतल्या एखाद्या अगदी साध्या गोष्टीवर अडून बसतात. ही गोष्ट साधी वाटते, पण बघता बघता सबंध कथानक तिच्यापाशी कोसळते.

या कार्यक्रमातली दोन सदरे चाहत्यांच्या वादांना घरातच जागा करून देतात. एकात चर्चा झालेल्या चित्रपटाला ॲमेझॉनवर पाच तारे देणाऱ्यांची मते वाचून दाखवली जातात. ती वाचताना हशा पिकतो, पण त्यातला माणूस बहुधा मनापासून लिहीत असतो आणि तेही ऐकू येते. दुसऱ्या सदरात श्रोते सादरकर्त्यांच्या चुका दाखवतात: हे पात्र त्याचा भाऊ नव्हता, मेहुणा होता; त्या दृश्यात भिंतीवर घड्याळ होते, तुमच्या लक्षात आले नाही. ज्या चित्रपटात मुळातच काही धड नाही त्याच्यातल्या घड्याळाबद्दल इतका काटेकोरपणा बाळगणारी माणसे हीच या प्रकाराची खरी ताकद.

प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर ‘ड्रॉप डेड फ्रेड’ या १९९१ च्या चित्रपटावर झालेला भाग चाहत्यांत विशेष गाजला. त्या चित्रपटात एका तरुणीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र परत येतो आणि तिच्या आयुष्याचा खेळखंडोबा करतो. रिक मेयल यांनी रंगवलेला हा फ्रेड काहींना बालपणीचा लाडका वाटतो, काहींना असह्य. चर्चेत मंचावरच दोन तट पडले आणि नाट्यगृहही त्याप्रमाणे विभागले गेले. ‘टीम फ्रेड’ आणि ‘टीम सॅनिटी’, म्हणजे फ्रेडवाले आणि शहाणपणवाले, ही नावे तिथून रूढ झाली आणि पुढे भलत्याच चित्रपटांच्या वादांतही वापरली गेली. लहानपणी आवडलेल्या चित्रपटाला कोणी टुकार म्हटले की माणूस दुखावतो आणि मग हिरिरीने भांडतो. वाद कसा पेटतो याचा याहून स्वच्छ नमुना सापडणार नाही.

प्रेक्षकांसमोर केलेल्या भागांबद्दलच चाहत्यांत सर्वांत जुना मतभेद आहे. एका गटाला टाळ्या आणि आरोळ्यांनी रंगत वाढलेली आवडते. दुसऱ्याचे म्हणणे असे की प्रेक्षक समोर असले की सादरकर्ते हशा वसूल करायला लागतात, चित्रपटाचा बारकावा सुटतो आणि शेवटी प्रेक्षकांच्या प्रश्नांत वेळ जातो. या वादात दुसऱ्या गटाचे पारडे थोडे जड वाटते. हे कार्यक्रम कानाशी एकट्याने ऐकायचे. नाट्यगृहातला हशा तिथे परका वाटतो.

‘वी हेट मूव्हीज’ हाही २०१० चाच, न्यूयॉर्कच्या चार मित्रांचा. त्यांची खासियत नकलांची. एखाद्या नटाचा आवाज एकाने काढला की दुसरा त्याला जोड देतो आणि चित्रपटात नसलेला प्रसंग तिथल्या तिथे उभा राहतो. नावात द्वेष आहे खरा, पण चौघेही सिनेमावेडे आहेत हे दहा मिनिटांत कळते.

न्यूझीलंडच्या टिम बॅट आणि गाय माँटगोमेरी यांनी २०१४ मध्ये या प्रकाराची कसोटीच घेतली. ‘द वर्स्ट आयडिया ऑफ ऑल टाइम’ या पॉडकास्टमध्ये त्यांनी ॲडम सँडलर यांचा ‘ग्रोन अप्स टू’ हा एकच चित्रपट दर आठवड्याला एकदा, असा वर्षभर पाहिला आणि दर वेळी त्यावर एक भाग केला. सुरुवातीचे विनोद संपल्यावर बोलायला काही उरणार नाही अशी अपेक्षा होती. घडले भलतेच. मागे उभ्या असलेल्या, एकही संवाद नसलेल्या माणसांची चरित्रे त्यांनी रचली, मग ते कंटाळले, चिडले, हताश झाले आणि तो हताशपणाच कार्यक्रमाचा विषय बनला. पुढच्या वर्षी त्यांनी ‘सेक्स अँड द सिटी टू’वर हाच प्रयोग केला. इथे चित्रपटाचे काही वाकडे होत नाही, वाट लागते ती पाहणाऱ्यांची. म्हणूनच बावन्न भाग ऐकूनही मनात कडवटपणा राहत नाही.

कडवटपणाचा मुद्दा चाहत्यांच्या वादांत वेगवेगळ्या वेशांत येतो. चित्रपट कोणता निवडावा, हे त्याचे एक रूप. दहा कोटी डॉलर्सच्या घरातला स्टुडिओचा चित्रपट फसला तर त्याची टिंगल करायला कोणाची हरकत नसते. तिथे पैसा, सल्लागार, वेळ सगळे हाताशी असते. पण चार मित्रांनी पदरमोड करून काढलेल्या चित्रपटाचे काय? टॉमी वायसो यांनी २००३ मध्ये काढलेल्या ‘द रूम’चा खर्च साठ लाख डॉलर्स झाल्याचे सांगितले जाते आणि पहिल्या खेळांतून हाती आले जेमतेम अठराशे डॉलर्स. नंतर मध्यरात्रीच्या खेळांना झुंबड उडू लागली. चित्रपटात एका चौकटीत चमच्याचा फोटो आहे, तो दिसला की प्रेक्षक पडद्यावर प्लॅस्टिकचे चमचे भिरकावतात. वायसो यांनी हे हसू अंगाला लावून घेतले नाही, उलट त्यावर स्वार झाले. सगळ्यांना ते जमत नाही. ‘ट्रोल टू’ या १९९० च्या चित्रपटात बालनट असलेल्या मायकल स्टीफन्सन यांनी २००९ मध्ये ‘बेस्ट वर्स्ट मूव्ही’ हा माहितीपट केला. त्यात दंतवैद्य असलेले हौशी नट जॉर्ज हार्डी नव्या प्रसिद्धीत न्हाऊन निघतात, तर इटालियन दिग्दर्शक क्लाउडिओ फ्रागासो प्रेक्षक भलत्या ठिकाणी हसतात म्हणून संतापतात. त्यांच्या लेखी त्यांनी गंभीर चित्रपट काढला होता.

हा गांभीर्याचा धागा लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मधल्या ‘नोट्स ऑन कॅम्प’ या निबंधात पकडला होता. मनापासून गंभीर होऊ पाहणारे आणि फसणारे काम खरी मजा देते, मुद्दाम तसे केलेले फिके पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ‘शार्कनेडो’सारखा २०१३ चा जाणूनबुजून वाह्यात केलेला चित्रपट पॉडकास्टवाल्यांना फारसा का पचत नाही याचे कारण यात आहे. निर्माता आधीच डोळा मारून बसला असेल तर त्यात शोधायचे काय? फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतले केवान सारखोश आणि विनफ्रीड मेनिंगहाउस यांनी २०१६ मध्ये अशा चित्रपटांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे चाहते सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आणि उत्तम चित्रपटांचेही भोक्ते असल्याचे दिसले. चांगले काय ते ठाऊक असल्याखेरीज वाईटाची चव घेता येत नाही, हे चाहत्यांच्या भांडणांतूनही कळते.

भारतात या चवीचे सर्वांत ठळक उदाहरण कांती शाह यांचा १९९८ चा ‘गुंडा’. मिथुन चक्रवर्तींच्या या चित्रपटातली पात्रे यमक जुळवून बोलतात. चित्रपटगृहांत त्याला कोणी विचारले नाही, पण इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वसतिगृहांत त्याची पारायणे झाली. पुढे कनन गिल आणि बिस्व कल्याण रथ यांच्या ‘प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज’ या यूट्यूब मालिकेने हिंदी सिनेमांची अशी चिरफाड लोकप्रिय केली. ती पॉडकास्ट नव्हती, दृश्ये दाखवून केलेली होती, पण दोन मित्र आणि एक टुकार सिनेमा ही जोडणी तीच.

शेवटचा वाद पैशांचा. ‘हाऊ डिड धिस गेट मेड?’चे जुने भाग बराच काळ स्टिचर प्रीमियम या वर्गणीच्या सेवेत कुलूपबंद होते. विनामूल्य ऐकायची सवय लागलेल्या श्रोत्यांना ते खटकले. ऑगस्ट २०२३ मध्ये स्टिचरच बंद पडले. ‘फ्लॉप हाऊस’ ज्या मॅक्झिमम फन संस्थेतर्फे प्रसारित होतो ती श्रोत्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालते आणि २०२३ मध्ये ती कर्मचाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. ‘वी हेट मूव्हीज’ने पेट्रिऑनवर वर्गणीदारांसाठी जादा भाग ठेवले आहेत. जाहिराती ऐका किंवा पैसे भरा, यात कोणता मार्ग बरा यावर चाहत्यांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने पहिल्या भागापासून सुरुवात करू नये. या सगळ्या कार्यक्रमांचे सुरुवातीचे भाग ध्वनीच्या दृष्टीने ओबडधोबड आहेत आणि सादरकर्तेही अजून चाचपडत असतात. स्वतः पाहिलेल्या एखाद्या हॉलिवूडपटावर ‘फ्लॉप हाऊस’, ‘हाऊ डिड धिस गेट मेड?’ आणि ‘वी हेट मूव्हीज’ यांपैकी दोघांनी भाग केले असतील तर ते लागोपाठ ऐकावेत. अमेरिकी दूरचित्रवाणीचे संदर्भ डोक्यावरून गेले तरी बिघडत नाही. सिनेमा ओळखीचा असला की कोणाचे हसणे आपल्या जातकुळीचे आहे ते तासाभरात कळते.